सईला, फायनलच्या आधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "नदालने पाय बधिर करून फ्रेंच ओपन जिंकली, मी घोट्यात एक इंजेक्शन घेतलं तर काय बिघडलं?" म्हणालीस आणि फोन ठेवलास. खरं आहे तुझं. 2022 मध्ये तो इंजेक्शनं घेऊनच खेळला, चौदाव्यांदा जिंकला. पण जिंकल्यावर लगेच त्यानेच सांगितलं, असं पुढे खेळायचं नाही. तेवढं कसं गं विसरतेस?

पुढच्याच महिन्यात विम्बल्डनला अमेरिकेच्या फ्रिट्झविरुद्ध खेळताना त्याच्या पोटाचा स्नायू फाटला. त्याचे वडील स्टँडमधून खुणा करत होते, सोड, थांब. त्याने ऐकलं नाही. पाच सेटमध्ये जिंकला आणि सेमीफायनल सोडून घरी गेला. तू नदालकडे बघत होतीस, मी त्या वडिलांकडे.

ग्रँड स्लॅम जेतेपदं: जोकोविच 24, नदाल 22, फेडरर 20. न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर तू खडूने हे आकडे लिहायचीस, कोणी जिंकलं की पुसून नवा. आजीने ती भिंत रंगवू दिली नाही. 2019 ला विम्बल्डनच्या फायनलमध्ये जोकोविचविरुद्ध फेडररने दोन चॅम्पियनशिप पॉइंट घालवले, त्या रात्री दादा जेवला नाही आणि तू त्याच्या वाटचा आमरसही संपवलास!

यातले थांबलेही आहेत, सई. फेडरर 2016 ला गुडघ्यासाठी सहा महिने कोर्टवर आला नाही. परत आल्यावर पस्तिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. जोकोविचने 2018 ला कोपराचं ऑपरेशन करून घेतलं, त्याच वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्ही घेतल्या. तू तर एकोणीस वर्षांची. घोटा बधिर केलास तर तो आतून काय सांगतोय ते तुला कळणार कसं? डॉक्टरांनी...

पुन्हा सुरू झालो. इंजेक्शनचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. रागावू नकोस.

सेमीफायनलला दुसऱ्या सेटमध्ये 2-5 वरून तू जे खेळलीस! तो लाइनवरचा बॅकहँड पडला तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात धरून मी सांगितलं, माझी मुलगी आहे ती. आणि पुढच्याच पॉइंटला तू लंगडलीस, तेही मीच पाहिलं.

सरांशी बोलायला अवघड वाटत असेल तर मी बोलतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या कानावर जायच्या आत एमआरआय करून घे.

तुझा,
बाबा