सहलीत एक दिवस रिकामा ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरची उन्हाळी सुट्टीची पुरवणी वाचली. आमच्या गावात पेपर एसटीने येतो, तोवर मोहफुलं वेचून, अंगणात पसरून झालेली असतात, म्हणून पूर्ण वाचता आली. फोटो छान आहेत, माहितीही चांगली आहे. पण त्यात सहा दिवसांच्या सहलीचा जो तक्ता दिलाय ना, तो मी दोनदा वाचला आणि मग आमच्या ह्यांना वाचून दाखवला. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत एकही रकाना रिकामा नाही. थीम पार्क, दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क, मग परत थीम पार्क, मग बाजार, मग देवदर्शन. हे म्हणाले, "यात माणूस बसते कधी?" म्हणून हे पत्र.

आमचा मुलगा अमेरिकेत अटलांटाजवळ राहतो, नोकरीला आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो. धान चुरून झालं, केंद्रावर मोजून दिलं, धानाच्या बांधीत लाखोळीची डाळ उगवून आली होती, गाई शेजाऱ्यांवर सोपवल्या आणि निघालो. नाताळच्या सुट्ट्या होत्या म्हणून मुलाने ऑर्लंडोचं ठरवलं, दोन्ही नातवंडांना डिस्ने बघायचं होतं. गाडीने सात तास लागले.

ते डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बगीचा असेल असं मला वाटायचं. तसं नाही जी. जवळपास २५,००० एकराचा पसारा आहे, चार मोठे थीम पार्क, दोन वॉटर पार्क, हॉटेलं, आतले रस्ते, बसेस. पहिला पार्क मॅजिक किंग्डम, तो १९७१ साली उघडला. गाडी लावायची तिथून पार्क लांब आहे, बोटीने तलाव ओलांडून नाहीतर मोनोरेलने जावं लागतं. ह्यांनी बोटीतच विचारलं की हा तलाव देवाचा की माणसाचा, मुलाने मोबाईलवर बघून सांगितलं की खोदलेला आहे आणि निघालेली माती पलीकडे भरून पार्कची जमीन उंच केली. हे एकदम खूश झाले. आमचा तालुकाच तलावांचा, कोहळी लोकांनी मातीच्या पाळी टाकून बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर आमचं धान पिकतं, त्यामुळे मातीचं काम कोणी केलंय हे ऐकलं की ह्यांना तो माणूस ओळखीचा वाटतो.

पहिला दिवस मजेत गेला, खोटं सांगत नाही. राजवाडा पाहिला, परेड पाहिली, रात्रीचे फटाके पाहिले, नातीला उचलून घेतलं. पण एकेका झुल्यासाठी तास तास उभं राहावं लागायचं. पैसे जास्त भरले की लवकर सोडतात अशी वेगळी लाईन आहे, पण माणशी हिशेब केला तर सहा जणांचं परवडणारं नव्हतं. मुलाच्या घड्याळात पावलं मोजता येतात, त्यात रात्री एकवीस हजार दाखवत होती. रोवणीच्या दिवसांत मी दिवसभर चिखलात वाकून असते, माझे पाय असे कधी भरले नाहीत, कारण चिखल मऊ असतो आणि ते सगळं सिमेंट.

दुसऱ्या दिवशी एपकॉट, त्या चारांतला दुसरा पार्क. तिथे एक बोटीची फेरी आहे, लिव्हिंग विथ द लँड नावाची, ती मला सगळ्यात जास्त आवडली. बोट सरळ काचेच्या मोठ्या शेडमधून जाते आणि आत खरं पीक उभं असतं. टमाटरचे वेल दोरीवर चढवलेले, भोपळे वर टांगलेले, काही झाडांची मुळं हवेतच लोंबतात आणि त्यांना पाणी-खत फवारून मिळतं, माती नाहीच. ह्यांना तिथे उतरावंच वाटेना. बोट थांबवता येत नाही, मागे लोक असतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आलो आणि लगेच दुसऱ्या राईडची वेळ झाली म्हणून धावलो. त्या धावण्याचंच मला वाईट वाटलं. पंचवीस-तीस वर्षं शेती केलेल्या माणसाला जगाच्या त्या टोकाला शेती दिसली आणि त्याला उभं राहून बघायला वेळ नाही.

रात्री हॉटेलवर आल्यावर मी पाय गरम पाण्यात घालून बसले आणि मुलाला सांगितलं, "बेटा, उद्या आमी येत नाई. तुमी जा." त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं आई-बाबा नाराज झाले, त्याने एवढा खर्च केला, तिकीट वाया जाईल. तो रागावला नाही पण वाईट वाटलं त्याला, ते मला दिसलं. मग सुनबाईने तिकिटाचे नियम वाचून काढले. चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवसच वापरायला पाहिजे असं नाहीच, सात दिवसांत कोणतेही चार दिवस जाता येतं. म्हणजे आमचा एक दिवस राहिला तरी तो शेवटी वापरता येणार होता. आम्ही सगळे जण उगीच पैसे बुडतील या भीतीने धावत होतो आणि कंपनीने स्वतःच मधे थांबायला जागा ठेवली होती. हे मी मुद्दाम लिहितेय कारण तुमचे वाचक तिकडे जातील तेव्हा त्यांना कामी पडेल.

तर तिसऱ्या दिवशी पोरं गेली हॉलिवूड स्टुडिओज नावाच्या तिसऱ्या पार्कात, आणि आम्ही दोघं राहिलो.

सकाळी झोप नेहमीसारखी पाचला उघडली. करायला काहीच नव्हतं. दूध काढायचं नाही, चूल पेटवायची नाही, नळाची वेळ सांभाळायची नाही. मी पडून राहिले, हे पण पडून राहिले. मग ह्यांनी चहा केला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्यांनी केलेला चहा मी आजारपण सोडून त्याच दिवशी प्यायले. साखर जास्त झाली होती, मी सगळा प्यायले.

हॉटेलच्या मागे एक तळं होतं, कडेला गवत कापलेलं, दोन बाकडी. पाटी होती की पाण्यात मगरी आणि साप असू शकतात, कडेला जाऊ नका. आम्ही बाकड्यावर बसलो. थंडी आपल्यासारखीच, स्वेटर घालावं इतकी. थोड्या वेळाने पलीकडून दोन मोठे पक्षी चालत आले. उंच, राखाडी, डोक्यावर लाल. मी ह्यांचा हात धरला आणि म्हणाले, "अहो, सारस!"

माझं माहेर गोंदिया तालुक्यातलं, परसवाड्याकडचं. लहानपणी आमच्या बांधीत सारसाची जोडी यायची. आजा आम्हाला दगड मारू द्यायचा नाही, सारस बांधीत राहिला तर घराला चांगलं असतं म्हणायचा, अंडी असली की तेवढा तुकडा कापायचा ठेवायचा. महाराष्ट्रात आता सारस बघायचा तर मुख्य आमच्या गोंदियातच, थोडे भंडारा-चंद्रपुराकडे, बाकी कुठे नाही. आणि इथे माझ्या समोर, हॉटेलच्या मागे, कार लावलेल्या असतात त्या जागेतून ती जोडी चालली होती, कोणी हाकलत नव्हतं, एक गाडी तर थांबून राहिली ते रस्ता ओलांडेपर्यंत.

ते सारस नव्हते. सफाई करणाऱ्या बाईने सांगितलं, सँडहिल क्रेन म्हणतात, आपल्या सारसाच्याच कुळातले पण उंचीने कमी. आपला सारस जवळपास माणसाएवढा होतो, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच तोच. ह्यांनी खिशातून बिस्किट काढलं तर त्या बाईने हात जोडून नाही म्हटलं, इथे यांना खायला घालणं कायद्याने बंद आहे. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की ते रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात. ह्यांनी लगेच बिस्किट परत ठेवलं. मग त्या दोघांनी मान वर करून जी आरोळी दिली, तळं सगळं भरून गेलं. मला माहेरची पहाट आठवली आणि माझे डोळे भरून आले, हे काही बोलले नाहीत, फक्त बसून राहिले.

किती वेळ बसलो सांगता येत नाही. हे मला त्यांच्या बापाबद्दल बोलले, जे कधी बोलत नाहीत. दुष्काळाच्या साली बैल विकला तेव्हा बाप रात्री गोठ्यात जाऊन झोपला होता, ते सांगितलं. मी एवढ्या वर्षांत हे ऐकलं नव्हतं. घरी कसं ऐकणार, घरी आम्ही बोलतो ते युरिया आला का, मोटरची लाईट कधी येते, कोणाच्या लग्नाला किती आहेर करायचा. बोलणं थांबलं की लगेच कोणी उठतो कामाला. तिथे बोलणं थांबलं तरी कोणी उठलं नाही, म्हणून पुढचं बोलणं आलं.

मग शेजाऱ्यांना फोन लावला. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, साडेदहा तासांचा फरक पडतो हिवाळ्यात, ते गाई बांधत होते. लाखोळीला निळी फुलं आली म्हणाले. दुपारी खोलीतल्या छोट्या शेगडीवर मी तुरीचं वरण, भात आणि आलूची भाजी केली, सोबत घरून नेलेलं तिखट होतंच. दोन दिवस पार्कात बर्गर आणि पिझ्झा खाऊन जीव कंटाळला होता. जेवून दोघंही चांगले दोन तास झोपलो. उठून कपडे मशीनमध्ये लावले, परत तळ्यावर गेलो, पक्षी गेले होते पण आम्ही बसलोच.

रात्री पोरं आली, नातू सोफ्यावरच झोपला, मुलगा बूट न काढता खुर्चीत बसला. सुनबाईने वरण-भात खाल्ला आणि म्हणाली, "आई, मला पण राहायला पाहिजे होतं तुमच्यासोबत." मी तिला म्हटलं, उद्याचं आधी ठरवून ठेव आणि एक दिवस तू पण राह्य.

चौथ्या दिवशी सगळे मिळून अ‍ॅनिमल किंगडमला गेलो, पाय हलके होते, खूप मजा आली. तिथे आनंदपूर नावाचं एक खोटं गाव उभारलंय आशिया दाखवायला, भिंतीवर जुन्या जाहिराती, आपल्याकडच्या बाजारासारखं, आणि पुढे वाघ. नवेगाव-नागझिऱ्याच्या वाघांच्या जंगलाच्या कुशीतले आम्ही, तरी नातीसोबत वाघ बघायला उभे राहिलो. पाचव्या दिवशी मॉल होता, तो आम्ही दोघांनी सोडला आणि उरलेल्या तिकिटावर मुलाने आम्हाला दोघांनाच एपकॉटला सोडलं. त्या शेतीच्या बोटीत आम्ही तीनदा बसलो. तीनदा! तिसऱ्या वेळी ह्यांनी भोपळ्याच्या दोरीची गाठ नीट पाहून घेतली, आता परसात दोडक्याला तशीच बांधलीय.

संपादक साहेब, माझं म्हणणं पार्काविरुद्ध नाही. पोरांनी जावं, मोठ्यांनी पण जावं, ती पण एक दुनिया आहे. पण सहल आखणारे, मग तो मुलगा असो, ट्रॅव्हलवाला असो की पेपर असो, मधला एक दिवस मोकळा का ठेवत नाहीत? आमच्या भागातून पण बसेस निघतात, सात दिवसांत अकरा ठिकाणं. माझी मोठी जाऊ गेली होती मागच्या वर्षी, नाव घेत नाही कोणाचं, पण ती पाय सुजून परत आली आणि तिला कोणतं गाव कोणत्या दिवशी पाहिलं ते आठवत नाही, सगळं बसच्या खिडकीतून गेलं. तिने वर्षभर भाजी विकून पैसे जमा केले होते. त्या बसने तिला एक दिवस, एकच दिवस, एखाद्या नदीकाठी धर्मशाळेत निजू दिलं असतं तर काय बिघडलं असतं.

आणि दुसरं, तुम्ही आमच्या नवेगावबांधबद्दल लिहिलं त्यात इथे काय काय नवीन बांधायला पाहिजे याचीच यादी मोठी आहे, झुलता पूल, झिपलाईन, साहसी खेळ. करा, पोरांना कामं मिळतील. पण तलावाकाठी सावलीत चार बाकडी, पिण्याचं पाणी आणि बायांसाठी दार लागणारा, पाणी येणारा संडास, एवढं आधी करायला सांगा. शहरातून येणारी जोडपी येतात, अर्ध्या तासात फोटो काढून जातात, कारण बसायला जागा नाही आणि बाई माणसाला थांबता येत नाही. ती सोय झाली तर ते दिवसभर थांबतील, आमच्या बचत गटाच्या बाया त्यांना भात, माशाचा रस्सा, तांदळाच्या भाकरी करून देतील.

दिवाळीत तुमची परत पुरवणी निघेल. त्यात सहलीचा तक्ता छापाल तेव्हा तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवसापुढे काही लिहू नका, रकाना तसाच ठेवा. लोक विचारतील छापायचं राहिलं का म्हणून, त्यांना सांगा की मुद्दाम ठेवलाय. आम्ही तर आता महिन्यातून एक रविवार दुपारनंतर तलावाच्या पाळीवर जातो, डब्यात भात नेतो, मोबाईल घरी ठेवतो. मागच्या रविवारी ह्यांनी गोठ्यातल्या त्या बैलाची गोष्ट परत सांगितली, यावेळी बैलाचं नाव पण सांगितलं, ढवळ्या.

तुमची नेहमीची वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया