सही करायच्या आधी

लालबाग, रविवार दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तू व्हॉट्सअ‍ॅपवर त्या म्युझिक कंपनीचं अकरा पानांचं अ‍ॅग्रीमेंट पाठवलंस आणि खाली लिहिलंस, "आई, नुसती नजर टाक, मंगळवारी सही आहे." नुसती नजर टाकायची मला सवय नाही. फोर्टात सॉलिसिटरच्या ऑफिसात तीस वर्षं असलेच कागद टाइप केले. सकाळी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसले. पत्र अशासाठी की फोनवर तू "हो गं आई" म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो.

आधी आजोबांचं सांगते. अर्धं तुला ठाऊक आहे. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते आणि गणपतीत शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरांच्या गाण्यातल्या सामन्याच्या, बाऱ्या करायचे. गाणी स्वतः बांधायचे, रात्रपाळीहून येताना, चालता चालता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अण्णा पुन्हा कधी आत गेले नाहीत. त्यानंतर काही वर्षांनी एका कॅसेटवाल्याने त्यांना बोलावलं. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आधी गुरूचं नाव घेतो, मग स्वतःचं. तुकोबांचं 'तुका म्हणे', जनाबाईंचं 'नामयाची जनी', तसंच हे. सही करायची आपली जुनी रीतच म्हण ना.

कॅसेट साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. गाणं लांबलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "शाहीर, शेवटचं कडवं उडवू या, नाहीतरी त्यात नुसती नावंच आहेत." अण्णांनी उडवलं. पाचशे रुपये आणि दहा कॅसेट मिळाल्या. वेष्टनावर छापलं होतं 'पारंपरिक कोकणी गीते'.

ते गाणं पुढे आपल्या गल्लीतल्या प्रत्येक गणपतीत वाजलं. अण्णा गॅलरीत टेपजवळ बसायचे. बाजू संपली की खट् करून बटण वर यायचं आणि मग अण्णा राहिलेलं कडवं तोंडातल्या तोंडात म्हणायचे. मी तेव्हा नोकरीला लागले होते. दिवसभर लोकांचे हक्क टाइप करत होते आणि घरी हे ऐकत होते. डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

आता तुझा कागद. पान चार, कलम सात. तुझे शब्द, तुझी चाल आणि रेकॉर्डिंग, सगळं एकाच वाक्यात गुंडाळून 'कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात' त्यांना दिलंय. (विश्वात! चंद्रावर कोण बसलंय तुझं गाणं ऐकायला?) मनू, गाणं वेगळं आणि रेकॉर्डिंग वेगळं. स्टुडिओचा खर्च ते करणार, तेव्हा रेकॉर्डिंग काही वर्षं त्यांच्याकडे राहिलं तर मी कुरकुर करणार नाही. पण शब्द आणि चाल तू आपल्या खोलीत, माझ्या शिव्या खात केलीस. ती का द्यायची? कॉपीराइट कवीच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे तुझ्या नातवंडांपर्यंत. मुदत लिहून घे. कागदावर मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणूनच त्यांनी 'कायमस्वरूपी' हा शब्द घातलाय. विसरून नव्हे.

कलम नऊमध्ये तू रॉयल्टीवरचा हक्क सोडतेयस. हे चालतच नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा सोडून देता येत नाही. द्यायचा तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच. जावेद अख्तर राज्यसभेत या दुरुस्तीसाठी भांडले होते. तेव्हा कलम नऊवर सरळ काट मार, आणि आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीची, सभासद हो. ती सोसायटी 1969 पासून आहे आणि तू अजून फॉर्म भरला नाहीस. गिटारच्या तारा मात्र दर महिन्याला आणतेस.

एक गोष्ट तुझ्याविरुद्धही आहे. तुझ्या दुसऱ्या गाण्यात आजीच्या जात्यावरच्या दोन ओळी जशाच्या तशा आहेत. खाली 'गीत' म्हणून तुझं एकटीचं नाव. त्या ओळी आजीच्याही नव्हत्या, तिच्या आईने म्हटलेल्या, तिच्या आधी कुणी म्हटल्या देव जाणे. जात्यावर बसलेल्या बाईने कधी शेवटी नाव घातलं नाही. तिथे 'पारंपरिक ओवी' असं लिही, आणि 'पुढील शब्द' म्हणून तुझं नाव घाल. अण्णांच्या बाबतीत झालं त्याच्या उलटं आपण करायला नको.

लोअर परळच्या त्या हॉटेलात तुला ऐकायला आले होते, आठवतं? साठ रुपयांचं पाणी घेऊन कोपऱ्यात बसले होते. जवळच मथुरादास मिल कंपाउंड. तिथे 2007 ते 2016 ब्लू फ्रॉग होतं, मोठमोठे बँड वाजायचे, तूच सांगितलंस. गिरण्यांच्या आवारात गाणी सुरू झाली, हे अण्णांना कळलं असतं तर ते आधी तिकीट किती ते विचारते. पैशाचं मी बोलत नाही. भाडं थकलं की सांगशील, एवढं कळतं मला.

तू गाणं सोड असं मी कधी म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही. सुलूमावशी म्हणते, तिचं मनावर घेऊ नकोस.

ते राहिलेलं कडवं कॅसेटवर नाही आणि कुठल्या कागदावरही नाही. मला पाठ आहे. तुझ्या अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटच्या पानाच्या मागे लिहून ठेवलंय, सहीच्या रेघेच्या बरोबर पाठीमागे. चाल लिहिता येत नाही मला. उद्या संध्याकाळी ये, बोंबील आणलेत, तळता तळता म्हणून दाखवते. येताना फोन चार्ज करून आण, रेकॉर्ड करायला लागेल.

तुझी,
आई