तक्रार: अकरा दिवसांनंतरही त्या खात्यात माझा एक रुपया जमा झाला

प्रति,
नोडल अधिकारी, तक्रार निवारण विभाग

विषय: ९ तारखेला कळवलेलं फसवणुकीचं चालू खातं आणि २० तारखेच्या दुपारचा फोन

काल दुपारी डबे निघून गेल्यावर मी त्या चालू खात्यावर एक रुपया पाठवून बघितला. हेच ते खातं, ज्याची तक्रार मी ९ तारखेला १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली, त्याच संध्याकाळी तुम्हाला ईमेल केला आणि १० तारखेला नौपाड्याच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. रुपया गेला. तीन सेकंदही लागले नाहीत. पाठोपाठ तुमचा मेसेज आला की रक्कम यशस्वीरीत्या जमा झाली आहे, आणि त्याच मेसेजच्या शेवटी होतं, ‘फसवणुकीपासून सावध राहा’.

माझंही खातं तुमच्याकडे, त्यांचंही तुमच्याकडे. म्हणजे रुपया घरातल्या घरातच फिरला.

पहिल्यांदा माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्या माणसाला ती परत सांगावी लागणार नाही. कोपरीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. आमची बारा जणींची भिशी सोळा वर्षं चालू आहे, महिन्याला प्रत्येकी दोन हजार. डोंबिवलीच्या मावसबहिणीने एक अ‍ॅप दाखवलं. सोलर पॅनल ‘भाड्याने’ घ्यायचं, दोन हजार भरायचे, पंचेचाळीस दिवस रोज १२० रुपये मिळणार. अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली होती. मी दोन हजार भरले. तेरा दिवस रोज १२० आले आणि मी ते काढूनही घेतले, १,५६० रुपये. मग कणीक मळायच्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेले ४० हजार घातले आणि त्यावर आणखी २२ हजार. जानेवारी २०२५ मध्ये दादरला लोकांचे पैसे बुडवलेल्या टोरेस कंपनीच्या दुकानासमोरची गर्दी टीव्हीवर बघून ‘दर आठवड्याला इतकं व्याज कुणी देतं का’ असं म्हणणारी मीच होते. तेव्हा अक्कल मलाही होती. ती सोलर पॅनलला लागू पडते हे सुचलं नाही, एवढंच.

खरं तर भिशी चालवणाऱ्या बाईला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. भिशीत बारा जणी चोवीस हजार घालतात आणि चोवीस हजारच उचलतात. पैसा फक्त फिरतो, वाढत नाही. इथे दोन हजाराचे ५,४०० होणार होते. हे वरचे ३,४०० कुठून येणार? पॅनल कुठे बसवलंय, वीज कोण विकत घेतं, काही नाही. मी नंतर कणकेच्या पिशवीवर हिशेब मांडला. शंभर जणांना रोज १२० द्यायचे तर बारा हजार लागतात, म्हणजे रोज सहा नवी गिऱ्हाइकं हवीत. त्या सहांनाही उद्यापासून द्यायचंच आहे. असं करत पंचेचाळिसाव्या दिवशी शंभराचे तेराशेच्या वर होतात. तेवढी माणसं आणायला ते ‘मैत्रिणीला जोडा, दहा टक्के मिळवा’, आणि तिच्या मैत्रिणीवर पाच टक्के. १९२० मध्ये बॉस्टनला चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने टपालाच्या कूपनांचं निमित्त करून पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देतो म्हटलं आणि नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले. त्याच्याकडे दोन हजाराचे तीन हजार झाले असते. आमच्या अ‍ॅपपुढे तो काटकसरीचाच म्हणायचा.

डोकं ठिकाणावर आलं ते शेवटी. अ‍ॅपवर माझे १ लाख ३० हजार दिसत होते. काढायला गेले तर ‘आधी १८ टक्के टॅक्स भरा’, म्हणजे २३,४०० रुपये. मुदत ठेवीवरचा टीडीएस तुम्ही माझ्याकडून एका वर्षी कापला होता, तेव्हा आधी पैसे आणून द्या असं काही म्हणाला नव्हतात. मुकाट्याने कापलात. कर हा येणाऱ्या रकमेतून कापतात, रक्कम सोडवायला भरत नाहीत. तेवढं तुमच्याकडून शिकले होते, म्हणून ते २३,४०० वाचले. याबद्दल आभार मानायला हरकत नाही.

आता तुमच्याबद्दल.

पहिले दोन हजार दुसऱ्याच बँकेतल्या कुठल्याशा ‘ट्रेडर्स’कडे गेले. पुढचे ६२ हजार तुमच्याकडच्या ‘एंटरप्रायझेस’च्या चालू खात्यात गेले. आमच्या भिशीतल्या आणखी तिघींनी भरले तेही तिथेच. दर वेळी पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबायचं असतं, हे मला आता सायबर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी सांगितलं. तुम्हाला कुणी सांगायची गरज नसावी. सोलर पॅनल भाड्याने देणाऱ्याच्या खात्यात दिवसभर बायकांचे दोन-दोन हजार येतात आणि संध्याकाळपर्यंत बाहेर जातात, हे तुमच्या संगणकाला दिसत नाही? अशी भाड्याची खाती, म्हणजे चोरांचा पैसा फिरवायला दुसऱ्याच्या नावावर वापरलेली खाती, हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची यंत्रणा केली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द गव्हर्नरांनी तिच्याबद्दल सांगितलं होतं. मी पोळ्या लाटणारी बाई, मला भाच्याने वाचून दाखवलं. तुमच्याकडे वाचून दाखवणारं कुणी नाही का?

कारण माझ्यावर मात्र तुमचं बारीक लक्ष असतं. गेल्या वर्षी मिक्सरचे ४,२०० रुपये भरताना ‘असामान्य व्यवहार’ म्हणून तुम्ही माझं खातं दोन दिवस रोखून धरलंत. पत्ता बदलायला आले तर सही जुळत नाही म्हणून तीनदा परत पाठवलंत. तिसऱ्यांदा मी त्या काउंटरवरच्या मुलाला विचारलं, कणकेचा हात धुऊन सही करू की तसाच ठेवू? ज्याने ते ‘एंटरप्रायझेस’ उघडलं त्याची सही पहिल्याच दिवशी जुळली असणार. त्याचं दुकान कुठे आहे ते बघायला तुमचं कुणी गेलं होतं का?

आता कालचा फोन. रुपया गेल्यावर लगेच लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, दाबलं. अकरा मिनिटं संतूर ऐकली. मग जो मुलगा आला तो हिंदीत बोलला. माझी काही हरकत नाही, हिंदी मला येतं. इथे मराठीत लिहिते, अर्थ तोच.

त्याने विचारलं, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात ना? म्हटलं, हो. मग व्यवहार यशस्वी आहे, मॅडम. म्हटलं, बाळा, तो यशस्वी झाला हीच तर माझी तक्रार आहे. त्याने परत विचारलं, पण पिन तुम्हीच टाकलात ना? मी परत हो म्हटलं. चोराने बंदूक लावली नव्हती, गोड बोलून घेतले, हे मलाही कळतं. माझा प्रश्न तो नव्हताच. तक्रार पोचल्यावर खातं रोखलं का, एवढंच मी विचारत होते. तो म्हणाला, ‘अकाउंट अ‍ॅक्टिव्ह दिसतंय.’ म्हटलं, का? तर म्हणे ती माहिती दुसऱ्या ग्राहकाची आहे, गोपनीय आहे. त्या चोराचं तुमच्याकडे नाव काय आहे? ‘आमचे ग्राहक’. मग मी कोण?

एवढ्यावर थांबला असता तरी मी हे पत्र जरा सौम्य लिहिलं असतं. पण मग तो म्हणाला, ‘रोज पैसे येत होते तेव्हा आपण तक्रार केली नव्हती ना, मॅडम?’ काहीही न बोलता मी गॅस बंद केला. पोळी करपली होती. बरोबरच आहे त्याचं, नव्हती केली. पण हे मला माझ्या नवऱ्याने म्हणावं, मावसबहिणीने म्हणावं, चौदा वर्षं जिच्याकडे पैसे ठेवले त्या बँकेने कशाला? आणि मी गप्प आहे म्हटल्यावर त्याने पुढचा कागद उचलला असावा. ‘आपल्यासाठी तीन लाखांचं प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोन उपलब्ध आहे, आपल्याला रस आहे का?’

माझे ६२ हजार तुमच्याच खात्यात गेलेत, आणि तुम्ही मला तीन लाख उसने देणार! वर व्याज किती, तेही त्याने सांगितलं. गोपनीय नव्हतं बहुतेक. फोन ठेवल्यावर मेसेज आला की आजच्या संवादाला एक ते पाचमध्ये गुण द्या. एक म्हणजे उत्तम की वाईट, ते लिहिलंच नव्हतं.

कदाचित तुम्ही म्हणाल की खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबवलंय, फक्त येणं चालू आहे. तसं असेल तर लिहून द्या, कधी थांबवलं आणि त्या क्षणी आत किती शिल्लक होती. १९३० वर लवकर कळवायचं ते एवढ्याचसाठी ना, की पैसा पुढे सरकायच्या आत बँकेने धरावा? मी त्या दिवशी डबे अर्धवट सोडून फोन लावला होता. आणि येणं चालू असेल तर अजूनही कुणीतरी बाई तिथे दोन हजार टाकते आहे. तिला तुमचा तोच मेसेज जात असेल, सावध राहा म्हणून. सही जुळत नाही म्हणून मला तीनदा परत पाठवणारे तुम्ही, तिला एकदा तरी परत पाठवा.

मला लेखी हवं आहे ते असं. ९ तारखेची तक्रार तुमच्याकडे किती वाजता पोचली, त्यावर कुणी काय केलं, माझ्या ६२ हजारांपैकी किती रक्कम रोखली गेली. पोलिसांना त्या खात्याची कागदपत्रं दिलीत का. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, त्यानंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर त्या अ‍ॅपची माहिती भाच्याने कालच भरली. विनापरवाना ठेवी घेणाऱ्यांसाठी २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, महाराष्ट्राचा त्याआधीचा १९९९ चा आहे. आम्ही चौघी मिळून आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज देणार आहोत आणि त्यात खातं कुठल्या बँकेचं होतं तेही लिहिणार आहोत. धमकी समजायची तर समजा.

या महिन्याची भिशी चुकली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. जिची पाळी होती तिच्या मुलाची फी भरायची होती. ते चोवीस हजार उरलेल्या आठ जणींनी कसेबसे जमवून दिले, कर्ज न घेता.

सोबत १९३० चा पोच क्रमांक, शाखेच्या शिक्क्याची प्रत आणि तीन व्यवहारांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. तिसरा एक रुपयाचा आहे. तोही परत हवा आहे.

आपली (अजून तरी) खातेदार,
कोपरी, ठाणे पूर्व