कानामागच्या सेलचा हिशेब

महोदय,

'हाताच्या हालचालीवर, अंगाच्या उबेवर चालणारी उपकरणं येणार, चार्जिंगची कटकट जाणार' अशा बातम्या विज्ञानाच्या पानावर अधूनमधून वाचतो. सांगलीत मी छत्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. हाताच्या झोक्यानं आतलं वजन फिरतं आणि आपोआप चावी भरते, अशी ऑटोमॅटिक घड्याळं किती उघडली त्याची गणती नाही. त्याच फिरत्या वजनावर इवलंसं जनित्र चालवून सिको कंपनीनं १९८८ साली क्वार्ट्झ घड्याळ आणलं, १९९८ साली मनगटाच्या उबेवर चालणारंही काढलं. त्यामुळे कल्पनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र बातमीत एक आकडा हवा: वीज किती मिळते आणि उपकरणाला लागते किती?

हे मी नातीसाठी विचारतो आहे. ती सात वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तिसऱ्या वर्षी कॉक्लियर इम्प्लांट झालं, म्हणजे ऐकण्याच्या नसेला विजेचे संदेश देणारं यंत्र ऑपरेशन करून बसवलं; त्याचा एक भाग कातडीखाली, दुसरा कानामागे. कातडीखालच्या भागात बॅटरीच नाही. केसांत लोहचुंबकानं चिकटलेल्या कॉइलमधून वीज आणि आवाजाचा संदेश, दोन्ही कातडीपलीकडे बिनतारी जातात! हे ऐकलं तेव्हा मी डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री केली. पण ही वीज येते कानामागच्या मशीनमधल्या दोन झिंक-एअर सेलमधून. त्यांचं स्टिकर काढलं की हवा लागते; मग वापरा न वापरा, सेल उतरत जातो. आमच्याकडे जोडी जेमतेम दोन दिवस पुरते. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीआधीच सेल संपले आणि पोर दोन तास गप्प बसून राहिली. बाईंना वाटलं, हिचं लक्ष नाही.

क्वार्ट्झ घड्याळाला साधारण एक मायक्रोवॅट पुरतो. अशा मशीनला वीस-तीस मिलिवॅट लागतात, म्हणजे वीस-तीस हजार घड्याळं चालतील एवढी वीज. हातातली कला कानापर्यंत पोचायला एवढं अंतर कापायचं आहे. संशोधकांनी ते कापावंच, त्यांचा पहिला गिऱ्हाईक आमच्या घरात बसला आहे. तोवर इम्प्लांटच्या सरकारी योजनांतून पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आणि चार्जर मशीनसोबतच मिळावेत, संपल्यावर बदलूनही मिळावेत. आज हा खर्च आम्हीच करतो. गावाकडच्या मजूर आईबापांनी तो कुठून करायचा?

तूर्त नातीच्या कंपासपेटीत जादा जोडी ठेवली आहे. ती कशी बदलायची, हे मी शाळेत जाऊन बाईंना शिकवून आलो.

— एक निवृत्त घड्याळ कारागीर, सांगली