खोल समुद्र आणि गावची विहीर

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आमच्या गावी आपला अंक दुपारच्या एसटीने येतो, त्यामुळे खोल समुद्रातील एकपेशीय जीवांची कालची बातमी मी जेवणानंतर वाचली आणि वामकुक्षी बुडाली. टणक कवचामुळे हे जीव तेथील दाबाखाली टिकतात, असे बातमीत होते. ‘पोलादी कवचाचे किडे’ हा तिचा मथळा कोणाला सुचला असावा? एकपेशीय जीव किडे नसतात, आणि प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे 10,900 मीटर खोलीवर सापडलेल्या फोरामिनिफेरांचे, म्हणजे बातमीतल्या या एकपेशीय जीवांचे, कवच पोलादी तर नाहीच, चुन्याचेही नाही. तेवढ्या खोलीवर चुन्याचे कवच विरघळते. म्हणूनच जपानच्या ‘काइको’ या यंत्राने तेथून आणलेल्या गाळातील ज्या जीवांची माहिती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, ते प्रामुख्याने मऊ, सेंद्रिय आवरणाचे होते. हजार वातावरणांहून (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) अधिक दाबाखालीही ते चिरडले जात नाहीत, कारण त्यांच्यात हवेची पोकळीच नसते. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी, आणि दाब दोन्हीकडे सारखा.

हेच मी नोकरीत असताना सातवीच्या मुलांना आमच्या विहिरीवर शिकवले होते. पोळ्याच्या सुमारास विहिरीत चाळीसेक फूट पाणी होते. प्लास्टिकच्या दोन बाटल्या घेतल्या, एक रिकामी पण घट्ट बूच लावलेली, दुसरी काठोकाठ भरलेली, आणि दोन्हींना दगड बांधून तळापर्यंत सोडल्या. दहा मीटर पाण्याला एक वातावरण, या हिशेबाने रिकामी बाटली तळाशी पार चेपली. दोर अर्धा ओढला तेव्हा पोरांना ती पाण्यातच चिपाडासारखी दिसली. भरलेली मात्र जशी होती तशीच वर आली. आठवड्याभरात मला ‘विद्यार्थ्यांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल’ कारणे दाखवा नोटीस मिळाली. कठड्यापासून मुलांना चार हात दूर बसवले होते, हे मी खुलाशात लिहिले, सोबत दाबाचे गणितही मांडून दाखवले. त्यावर ‘खुलासा असमाधानकारक’ एवढाच शेरा आला. गणित कोणी तपासल्याची खूण मात्र कुठेच नव्हती.

कवच टणक म्हणून जीव वाचला, असे वाचून आता तीच मुले, जी स्वतः आईबाप झाली आहेत, आपल्या पोरांना काय सांगतील? मास्तरावर नोटीस काढता येते, वृत्तपत्रावर कोण काढणार?

जाता जाता, बातमीसोबतचे छायाचित्र जेलीफिशचे आहे. तीही एकपेशीय नव्हे. दोन्ही दुरुस्त्या बातमी आली त्याच पानावर द्याव्यात, राशिभविष्याच्या खाली नव्हे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ