मुंबई पाऊण तासावर, पण कुठून?

मा. संपादक,

कोल्हापूर-मुंबई विमानाच्या बातमीला आपण ‘मुंबई अवघ्या पाऊण तासावर’ असा मथळा दिलात. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून अंतर आणि वेळेचा हिशेब घालण्यात नोकरी गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

नकाशावर कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ ते मुंबईचा सांताक्रूझ अशी दोरी ताणली तर अंतर भरतं सुमारे ३०० किलोमीटर. रेल्वेनं तेच पाचशेच्या वर जातं, कारण गाडी आधी मिरजेला येते आणि मग सातारा-पुणे करत वर चढते. पण विमान तरी कुठं दोरीवरून जातं? वाऱ्याला तोंड देऊन उडतं, मग वळून नेमून दिलेल्या मार्गाला लागतं. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दी झाली की वर घिरट्या. फलाट मोकळा नसला की आमची गाडी स्टँडच्या तोंडाशी उभी राहायची, त्यातलाच प्रकार. तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे विमान जागचं हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची, साधारण तासाभराची. आपला पाऊण तास फक्त हवेतला.

घड्याळावर जाऊ नये हे मला भाच्यानं शिकवलं. तो दुबईला असतो. मुंबईहून निघाला की पावणेदोन तासांत पोचतो म्हणे, आणि परत यायला सव्वाचार तास! अंतर तेच, १९०० किलोमीटरच्या थोडं वर. दीड तासाची गंमत दोन देशांच्या घड्याळांची. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारं वाहतं, हिवाळ्यात तर जोरात, त्यामुळे येताना खरं तर जाण्यापेक्षा कमीच वेळ लागतो.

आता आमची गोष्ट. सौ.चे गुडघे दुखतात म्हणून मागच्या महिन्यात डोंबिवलीला लेकीकडे विमानानं गेलो. दुपारी एकचं विमान. सांगलीच्या विश्रामबागेतून साडेनऊला निघालो, कारण जयसिंगपूर-हातकणंगले रस्त्याचा भरवसा नाही. दोनला मुंबईत उतरलो, बॅग हातात यायला अडीच वाजले, लेकीच्या दारात साडेचार. झाले सात तास. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री झोपलो असतो तर सकाळी कल्याणला उतरलो असतो. सौ.ना मात्र विमानच आवडलं, हेही लिहितो.

दिल्लीचा हिशेब वेगळा. विटा-खानापूरकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी तिकडं असतात. त्यांना पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचायला पाच तास गेले, तरी पुढचे साडेअकराशे किलोमीटर सव्वादोन तासांत होतात आणि रेल्वेचा अख्खा दिवस वाचतो. पल्ला लांबला की विमान परवडतं. तीनशे किलोमीटरला जमिनीवरचा वेळच सगळं खाऊन टाकतो.

आमच्या सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ होऊन विमान उतरेल तेव्हा उतरेल. तोवर आपल्या वेळापत्रकाच्या चौकटीत उड्डाणाच्या वेळेखाली आणखी एक ओळ छापावी: त्या विमानासाठी सांगली स्टँडवरून कितीची गाडी धरावी लागेल. ही ओळ तयार करायला माणूस हवा असेल तर मी सकाळी मोकळा असतो.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
विश्रामबाग, सांगली