नाना, तुला एक नकाशा दाखवायचाय

इंदूर, 18 सप्टेंबर

प्रिय नाना,

राखीला तुझा फोन आला, 'नंतर करतो' म्हणालो, आणि मग गणपती आले-गेले, अनंत चतुर्दशीच्या झांक्याही निघाल्या. शिव्या घालायच्या तर आत्ताच घालून घे, कारण पत्र लांबणार आहे. माझं बीपी ताब्यात आहे. आईला ऐकू कमी येतं, पण तुझं नाव काढलं की पहिल्या हाकेत येतं.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. हिला सांगायला गेलो तर म्हणाली, "सही करायची तर करा, नाहीतर पानावर बसा." लंबूला सांगून उपयोग नाही, तो लगेच कुणाला तरी फोन लावतो.

मुलांना यंदा ड्रोनचं प्रॅक्टिकल आहे. वर्गात मी 1970च्या केरळपासून सुरुवात करतो. शास्त्रज्ञ पिशरोटींनी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर माडांचे फोटो काढवले, रूट विल्ट हा रोग लागलेली झाडं शोधायला. आपल्याकडचं दूरसंवेदन तिथून सुरू झालं. पोरांना गोष्ट आवडते. घोटाळा पुढे होतो. त्या फिल्मवर निरोगी पान लालभडक दिसायचं, आणि आमच्या ड्रोनच्या नकाशात लाल म्हणजे आजारी. परीक्षेत निम्मा वर्ग माडांची बाग जिवंतपणी मारून टाकतो.

बाकी विज्ञान तुला नवं नाही. हरितद्रव्य लाल प्रकाश पिऊन टाकतं, आणि पानाच्या आतल्या पोकळ पेशी डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड जवळजवळ निम्मा परत फेकतात. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. उणे एक ते अधिक एक. पिकाच्या तब्येतीचा अख्खा कारभार आता या एका आकड्यावर चालतो.

सांवेरकडे एका शेतकऱ्याच्या सोयाबीनवरून उडवलं. दुपारचं ऊन, ढग नाहीत, उडवण्याआधी पांढऱ्या पाटीचा फोटो घेतलेला, सगळं शास्त्राप्रमाणे. नकाशा आला. शेजारशेजारचे दोन तुकडे, एक हिरवागार, दुसरा धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत लाल. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा उभा राहिला, "सर, येलो मोज़ेक. पूरा गया." बाधित क्षेत्राची टक्केवारीही काढून तयार, दशांशासकट.

शेतकरी मागेच उभा होता. म्हणाला, "माट्साब, यो बेमार नी है, यो तो पाकी रियो है."

लाल तुकड्यात सोयाबीनचं 9560 वाण होतं, हिरव्यात 335, दोन्हींची पेरणी बरोबरच. पहिलं पंच्याऐंशी दिवसांच्या आसपास उभं वाळतं, दुसऱ्याला शंभर लागतात. यंत्र खोटं बोललं नव्हतं रे. पानातलं हरितद्रव्य गेलं हे खरंच. का गेलं, ते त्या आकड्यात नसतं. हिरव्या तुकड्यात जो कोपरा सगळ्यात गर्द हिरवा होता तिथे निव्वळ सांवा आणि केना हे तण माजलं होतं. पोरांनी त्याला 'उत्तम पीक' म्हणून चौकट घातली होती.

एक मुलगी मात्र कुणाला न विचारता त्या हिरव्या तुकड्यात उतरली, चपला हातात घेऊन. देपालपूरकडची आहे, घरी शेती आहे. तिने तीन-चार खोडं मोडून आणली. प्रत्येकावर दोन कडी कोरलेली, आत पोकळ. चक्री भुंगा! सुकलेले शेंडे दाट पानांखाली दबले होते, वरून सगळा आलबेल हिरवा. म्हणजे नकाशाने जे पिकलं त्याला आजारी ठरवलं आणि जे पोखरलं जात होतं त्याला शाबासकी दिली.

इथपर्यंत मी खूश होतो. याहून चांगलं प्रॅक्टिकल कुठलं? पण तो नकाशा तोवर वर साहेबांकडे गेला होता. सोमवारी शेतकरी मेळावा आहे, पाहुणे येणार, मोठ्या फ्लेक्सवर लाल तुकडा आणि खाली 'रोगग्रस्त क्षेत्र, तपासले', पुढे माझ्या सहीची जागा. मी जाऊन सांगितलं. उत्तर मिळालं, "'संभाव्य' लिख देते हैं, रंग तो साफ़ आया है ना."

तेव्हा तू आठवलास. तुझ्या बँकेतली ती जीप. रस्त्यावरूनच शेतं पाहून पीक-पाहणीचा कागद पुढे आला, आणि तू 'मी उतरलो नाही, सही करणार नाही' म्हणालास. बदली झाली ती गुजरातेत, मग तिथलाच झालास. मी तेव्हा तुला हेकट म्हणालो होतो, आणि तू मला 'कॉलेजात बसून फळा पुसणारा'. त्यावर आपण वर्षभर बोललो नव्हतो, आणि मध्ये बिचाऱ्या वहिनी पोहे करून दोघांना वेगवेगळे बोलवायच्या. फळा पुसणारा हे मला आजही मान्य नाही.

पण नाना, आमची जीप आता शंभर मीटर उंचावरून जाते, एवढाच फरक. आणि हे फ्लेक्सपुरतं राहणार नाही. 2023च्या खरिपापासून पीक विम्यात भात-गव्हाच्या उत्पन्नाच्या अंदाजाला दूरसंवेदनाचं किमान 30 टक्के वजन दिलंय. मला ते वाईट वाटत नाही, शेतात पीक कापून मोजायच्या कापणी-प्रयोगांत काय काय चालतं ते तूच सांगायचास. पण उद्या ते काम करायला हीच पोरं बसणार. त्या हुशार पोराला मी परत विचारलं, शेतात का नाही उतरलास? म्हणाला, "सर, मैप में दिख तो रहा था." उद्धट नव्हता रे, खरंच त्याला प्रश्न कळला नाही. मला झोप लागत नाही ती या वाक्याने. सहीचं काय, नाही केली तर फार तर दुसरा कुणी करेल.

मेळाव्यानंतरच्या शनिवारी मी सगळ्यांना नकाशाच्या छापील प्रती देऊन त्याच शेतात उतरवणार आहे. लाल, पिवळा, हिरवा, प्रत्येक रंगात उभं राहून पानं उलटायची, खोड मोडायचं, मालकाला वाण आणि पेरणीची तारीख विचारायची, आणि मगच रंगावर नाव लिहायचं. तू ये. जीपची गोष्ट मी सांगितली तर गोष्ट होते, तू सांगितलीस तर ते ऐकतील. तुझ्यासारखं तुसडं बोलणं मला जमत नाही.

छोटीच्या नोकरीचं ऐकलं, फार आनंद झाला, तिला वेगळा फोन करतो. वहिनींचा गुडघा कसा आहे? घराच्या व्यवहाराचं वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नकोस.

शुक्रवारी रात्री बडोद्याहून अवंतिका पकड, सकाळी स्टेशनवर मी असेन. चिखलाचे बूट आण, माझे तुला होत नाहीत.

तुझा,
भाऊ